चुलीच्या वाटेवरचा सांधा

ता. ९ जानेवारी १८९३, सोमवार. भिसेगाव.

आजपासून पुन्हा रपोट लिहायला घेतो. घाटात आगगाडीचे रूळ वळवणारा सांधेवाला होतो तेव्हा रोज संध्याकाळी रपोट लिहावा लागे. आमच्या ठाण्यावरच्या बाबूनं मला अक्षरं शिकवली ती त्याचसाठी, म्हणजे त्याचं काम आयतं माझ्या गळ्यात पडावं म्हणून. दिवाळीत नोकरी संपली. पायातले नाल ठोकलेले बूट काढून वळचणीला टांगले आणि रपोटही सुटला. पण आता आमच्या घरातच अपघात झाला आहे, तेव्हा रपोट हवाच.

अपघात असा. परवा सकाळी मला विडी पेटवायची होती. निखारा मागायला मी चुलीच्या खोलीकडं गेलो. सून सुंदरा चुलीशी वाकून जाळ सारत होती. मी दारातून एवढंच म्हणालो, "निखारा दे गं." तिनं दचकून मान वळवली, हात डोक्याकडं नेला, आणि पुढं नुसता भडका. पदर पेटला होता. मी रांजणाखालचं ओलं गोणपाट ओढलं, तिच्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. तिचा डावा दंड भाजला. माझ्या तळव्यालाही फोड आले आहेत, पण त्याचं काही नाही. मी नेमका त्या वेळी तिथं पोचलो हे नशीब. मी नसतो तर काय झालं असतं, या विचारानं अजून अंगावर काटा येतो.

आळीतले सगळे हेच म्हणतात. माझी बायको, आमच्या चंद्राबाई, मात्र काहीच बोलल्या नाहीत. धसका घेतला असावा.

काल सुंदराची आई विमलबाई कुंभिवलीहून गाडी जुंपून आली. लेकीला आणि आमच्या मैनाला घेऊन गेली. मैना आमची नात, आता कुठं रांगायला लागली आहे. गाडीत बसताना विमलबाई मला म्हणाली, "इवाय, तुमी माझी लेक वाचीवली, तुमचं उपकार हाईत. पन माझी लेक चुलीम्होरं निवांत बसंल, असं काय ते करा. शिमग्यापातूर वाट बगते. नायतर आमी आमचा इचार करू."

'आमचा विचार' म्हणजे काय ते आमच्या पोपटला, सुंदराच्या नवऱ्याला, बरोबर कळलं. काडीमोड. पोरगा कालपासून जेवला नाही. गाडी वळली तेव्हा मैनानं माझ्याकडं बघून हात हलवला. मला फार वाईट वाटलं, आणि ते इथं लिहून ठेवतो.

ता. १२ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.

तिळगूळ कुणाला द्यायचा? घर खायला उठतं.

आज चुलीची खोली तपासली. घाटात मी अख्खी आगगाडी सांभाळली, मग एक चूल मला सांभाळता येणार नाही होय? तिथं बसून बघितलं तेव्हा हबकलोच. चुलीच्या डोक्यावर माळा, माळ्यावर गोवऱ्या आणि सुका पेंढा. कोपऱ्यात घासलेटची चिमणी, तीही एका पाटावर, आणि पाट डुगडुगता. पेजेचं गोल बुडाचं मडकं नुसतं जमिनीवर, धक्का लागला की कलंडलंच. असल्या खोलीत आपली बायको तीस वर्षं रांधते आहे आणि मला कधी दिसलंच नाही. दिसणार तरी कसं? मी घरी यायचो तो पाहुण्यासारखा.

चंद्राबाईला म्हणालो, "या सगळ्यातून वाट काढतो. नवं काही आणायचं नाही, घरात आहे त्यातूनच करायचं."

ती म्हणाली, "करा की. पन तुमी चुलीशी ठिय्या दिलात तर मी रांधू कवा?"

आणि वर म्हणाली, "तुमी घाटातनं यायचा तवा आंगनातनंच बुटांचा खडखडाट यायचा. आता मांजरावानी येता. चाहूलच लागत नाय."

या वयात पाऊल हलकं राहिलंय ही काही लहान गोष्ट नाही. मी हसलो. ती हसली नाही.

ता. १५ जानेवारी, रविवार

आजचा दिवस चांगला गेला. पोपटला हाताशी घेतलं. माळ्यावरचा पेंढा आणि गोवऱ्या गोठ्यात हलवल्या.

चिमणीसाठी माझी युक्ती अशी: मागल्या दारी जात्याची एक झिजलेली तळी पडून होती, तिच्यावर बायका धुणं आपटत. ती आत आणली. मधल्या खुंटाच्या भोकात चिमणीचं बूड असं चपखल बसलं की जणू तिच्याचसाठी टाकी मारली होती. आता बैलानं लाथ घातली तरी चिमणी कलंडायची नाही. मडक्यांखाली डोक्यावरच्या चुंबळी ठेवल्या. पेंढ्याची चुंबळ डोक्यावर हंडा धरते, मग जमिनीवर मडकं का धरणार नाही? चुंबळी ओल्या ठेवायच्या आणि चुलीपासून हातभर लांब, एवढं पथ्य.

गोणपाट मात्र रांजणाखालीच राहू दिलं. ते माझं लाडकं आहे.

चंद्राबाईनं सगळं बघितलं आणि म्हणाली, "चांगलं केलंत." तीस वर्षांत तिनं मला हा शब्द किती वेळा दिला असेल ते बोटांवर मोजून होईल. तरी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी राहिल्यासारखं दिसत होतं.

ता. २२ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं, पण रपोटात गाळायचं नसतं.

विचार असा होता: चुलीच्या वर शिंकं टांगायचं, शिंक्यात पाण्यानं भरलेलं मडकं, मडक्याला खाली भोक, भोकाला चिंधीचा बोळा, बोळ्याला दोरी. आग लागली की दोरी ओढायची. बोळा निघतो, पाणी पडतं, आग विझते. घाटात असलं काही सुचलं असतं तर साहेबानं पाठ थोपटली असती.

चंद्राबाई भाकरी भाजत होती. विडी शिलगवायला निखारा हवा होता म्हणून मी आत गेलो. ती दचकून वळली, तिचा हात दोरीला लागला, आणि सगळं मडकं चुलीवर रितं झालं. धूर, राख, वाफ, आणि मधोमध आमच्या चंद्राबाई, नखशिखांत भिजलेल्या, हातात अर्धी भाजलेली भाकरी.

मी म्हणालो, "आग विझली की नाही?"

यावर ती जे बोलली ते मात्र गाळतो.

दुपारी आम्ही दोघे पुरुष कोरडे पोहे खाऊन होतो. शेजारचा धाऊ ओटीवर येऊन विचारून गेला, "कोंडाजी, ऐकलं की तू चुलीला आंगोळ घातलीस?" बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. मडकं उतरवलं.

ता. ३० जानेवारी, सोमवार

पोपट कुंभिवलीला जाऊन आला. परत आला तो थोडा हसरा, थोडा रडवेला. मैना भिंतीला धरून उभी राहते म्हणे. ते मी बघितलं नाही. सुंदराचा दंड भरत आला आहे, व्रण मात्र राहील.

पोपटनं तिला जात्याची तळी, चुंबळी, माळा, सगळं सांगितलं. मी खोदून खोदून विचारलं, "मग काय म्हणाली?"

"ऐकून घेतलं."

"बस?"

"तुमचा हात कसा हाय त्ये इचारलं. बरा हाय म्हनालो. मंग इचारलं, मामंजी आजून अनवानीच फिरतात का?"

मला भरून आलं. पोरीचा जीव जाता जाता राहिला, आणि तिला काळजी काय, तर सासऱ्याच्या पायात काटा रुतेल याची. असली सून शोधून सापडायची नाही. पोपटला म्हणालो, "पुढच्या खेपेला सांग, माझी काळजी करू नको म्हणावं. मला अनवाणीच बरं वाटतं."

चंद्राबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "अवं, ते बूट घाला की पायात परत."

"घरात? चुलीपर्यंत बूट घालून जाऊ? लक्ष्मी राहील का घरात?"

ती पुन्हा पाखडायला लागली, जरा जोरात.

ता. ५ फेब्रुवारी, रविवार

मैना उभी राहू लागली म्हणजे परत आल्यावर ती पहिली धाव चुलीकडं घेणार. तिला अडवायला काय करावं? आधी कोंबड्यांचं डालगं आठवलं. पोर खेळेपर्यंत त्यात ठेवावं, असं मी म्हणताच चंद्राबाईनं असं बघितलं की तो विषय तिथंच मिटला.

मग मोडक्या गाडीचं जू आणलं. चुलीच्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या वर वीतभर, आडवं ठोकलं. मोठ्या माणसानं पाय उचलून जायचं. रांगतं पोर मात्र तिथं अडणार. काम झकास झालं.

झालं ते झालं, आणि दुपारी निखारा आणायला जाताना मीच त्या जुवाला अडखळलो आणि आत पालथा पडलो. केवढ्यानं तरी ओरडलो असेन, कारण धाऊ भिंतीपलीकडून विचारायला लागला.

चंद्राबाई हसत सुटली. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा हसली. डोळ्यांना पदर लावून, भिंतीला टेकून. "आत्ता कशी चाहूल लागली!" म्हणाली. माझा गुडघा सुजला आहे. पण ती हसली म्हणून मला राग येईना.

ता. १२ फेब्रुवारी, रविवार

आज मला सगळ्यात मोठी युक्ती सुचली. ती कशी सुचली ते सविस्तर लिहितो, कारण ती माझ्या घाटातल्या कामातूनच आली.

गुडघा शेकत ओटीवर बसलो होतो. चंद्राबाई शेक द्यायला बसली होती. एकदम म्हणाली, "घाटात तुमी काय करायचा ते येकदा नीट सांगा बगू." तीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी खुलून सांगायला लागलो.

घाटाच्या उतारावर मुख्य वाटेला एक आडवाट फुटते, ती डोंगरावर चढत जाते आणि तिथंच संपते. सांधा म्हणजे जिथं रूळ इकडचे तिकडं वळवतात ती जागा. तो सांधा नेहमी आडवाटेकडं लावलेला असतो. वरून गाडी उतरते. ती आटोक्यात असली तर ड्रायव्हर लांबून शिट्टी घालतो, सांधेवाला ती ऐकतो, मग दांडा ओढून मुख्य वाट मोकळी करतो. शिट्टी नाही, तर वाट नाही. आटोक्याबाहेर सुटलेली गाडी आडवाटेवर चढते आणि दमून उभी राहते. कुणी मरत नाही.

"म्हंजे गाडीनं आधी सांगायचं, की मी येते."

"बरोबर."

"न सांगता आली तर?"

"न सांगता आली तर घात. खालच्या माणसाला सावरायला वेळ कुठं मिळणार?"

"कितीबी मोठी गाडी आसली तरी?"

"लाटसाहेबाची असली तरी."

चंद्राबाई शेकाचं फडकं हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग माझ्या चुलीच्या वाटंवर सांधा का नाय?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं! उठलो, गुडघ्याची शुद्ध राहिली नाही. आमचा ढवळ्या बैल मागच्या पावसाळ्यात गेला, त्याच्या गळ्यातली पितळी घंटा खुंटीला होती. ती चुलीच्या खोलीच्या आत आढ्याला बांधली आणि तिची दोरी ओटीपर्यंत आणली. नियम असा: कुणाही पुरुषमाणसानं आत जाण्याआधी दोरी ओढायची. मग जुवापाशी थांबायचं. आतल्या बाईचं काम हातावेगळं असलं, भांडं खाली उतरलेलं असलं, की ती फुंकणीनं तवा वाजवील. ती आमची मोकळ्या वाटेची खूण. तवा वाजला नाही तर आत पाऊल नाही, मग विडी विझो की राहो.

चंद्राबाई म्हणाली, "तुमचं डोकं म्हंजे डोकं हाय."

हे आजच्या तारखेनिशी लिहून ठेवतो.

ता. १६ फेब्रुवारी, गुरुवार

दोरी ओढतो, थांबतो. पहिल्या दिवशी तवा वाजायला इतका उशीर लागला की मी तीनदा खाकरलो. आतून आवाज आला, "गाडी दमानं उबी ऱ्हाऊ द्या!" बायको भलतीच तयार सांधेवाली निघाली.

पण आज बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली आणि मी स्वतःवरच चिडलो. सगळं केलं आणि पदर विसरलो! पेटला तो पदर. जात्याची तळी पेटली नव्हती.

आमच्या वरच्या ठाण्यावर एक सांधेवाला होता. त्याचं उपरणं दांड्यात अडकलं आणि हात कायमचा गेला. तेव्हापासून आम्हाला सांगणं असे: सांध्यापाशी अंगावर सैल वस्त्र नको. आणि दुसरं: हात दांड्यावर असताना साहेब समोर आला तरी सलाम करायचा नाही. दांडा सोडून सलाम केला की मानही जातो आणि गाडीही जाते.

म्हणून चंद्राबाईला सांगितलं, "चुलीपुढं बसणाऱ्या बाईनं पदर कमरेला आवळून बांधायचा. डोक्यावर घ्यायचा नाही."

तिनं विचारलं, "सुंदरानंबी?"

"सुंदरानंच आधी."

"आन् तुमी म्होरं आलात तर? सासऱ्याम्होरं उगड्या डोईनं बसंल?"

"मी काय लाटसाहेब आहे? साहेबाला सलाम नाही, मग सासऱ्याला कशाला? चुलीपुढं कुणासाठीही हात डोक्याकडं न्यायचा नाही. मी आलो तरी नाही, पाटील आला तरी नाही."

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, धूर फार झालाय. धूर कुठं होता? चूल विझलेली होती. तरी उद्या कुडाला वरच्या बाजूनं एक झरोका पाडून घेतो.

ता. १९ फेब्रुवारी, रविवार

गावात बोभाटा झाला. धाऊ चारजणांना घेऊन ओटीवर आला. "कोंडाजी, घंटेवर आमी हसलो, त्ये जाऊ दे. पन सून सासऱ्याम्होरं डोईवर पदर घेनार नाय, ह्ये काय आयकतो? उद्या आमच्या सुना मागतील. रीतभात हाय का नाय?"

खरं सांगतो, आधी मी वरमलो. धाऊ माझ्यापेक्षा वयानं मोठा. रीत म्हणजे रीत. माझ्या आईनं कधी आजोबांपुढं तोंड दाखवलं नाही. मी काय मोठा शहाणा लागून गेलो? तोंडाशी आलं होतं की बरं, राहू दे, मागं घेतो.

तेवढ्यात माझ्या तळव्याच्या चट्ट्याकडं लक्ष गेलं. म्हणालो, "धाऊदादा, मान डोईवरच्या पदरात असता तर त्या दिवशी पदराबरोबर जळून गेला असता. माझ्या सुनेचा मान मला तिच्या जिवात हवा. तुमच्या सुनांचं तुम्ही बघा."

एवढं मी कसं बोललो कोण जाणे. छाती धडधडत होती. घाटात आगगाडी सुटली तेव्हाही इतकी धडधडली नव्हती.

ते गेले. आतून तवा वाजला. घंटा मी वाजवली नव्हती. नुसताच वाजला, दणादण.

ता. २६ फेब्रुवारी, रविवार

विमलबाई आली. बरोबर सुंदरा, काखेत मैना. मैनानं मला बघून आईच्या खांद्यात तोंड लपवलं. काळजात कळ आली.

मी पुढं होऊन दाखवायला लागलो: ही बघा जात्याची तळी, या चुंबळी, हा झरोका, हे जू. विमलबाई नुसती हूं हूं करत होती. जात्याच्या तळीकडं तर तिनं धड बघितलंही नाही! चंद्राबाई आणि ती कोपऱ्यात काय कुजबुजल्या, मग विमलबाई मला म्हणाली, "इवाय, तुमी भायेर जावा. आन् इंगळ मागायला या. रोज येता तसं."

आश्चर्य वाटलं, पण गेलो. ओटीवर जाऊन दोरी ओढली. आत घंटा घणघणली. जुवापाशी उभा राहिलो. आतून काही ऐकू येईना. मैनाची बडबड तेवढी येत होती. किती वेळ उभा होतो कळलं नाही. हा तवा वाजला नाही तर पोरगी पुन्हा गाडीत बसणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

तवा वाजला. हलकेच वाजला, पण वाजला.

पाय उचलून आत गेलो. सुंदरा चुलीपुढं बसली होती, पदर कमरेला घट्ट, केस उघडे. लग्न होऊन चार वर्षं झाली, मी तिचं तोंड आज पहिल्यांदा बघितलं. पोपटनं कधी सांगितलं नाही, पण तिच्या गालावर तीळ आहे, मैनाच्या आहे तसाच. तिचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. ते तिथंच राहिले. तिनं मान खाली घातली नाही. मीच घातली.

विमलबाई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "ऱ्हाते पोरगी."

पोपट कुठून तरी धावत आला आणि मैनाला उचलून अंगणभर नाचला. मी त्याला विचारलं, "सुंदरानं तळीबद्दल काही म्हटलं का?" त्याला ऐकूच आलं नाही.

ता. २ मार्च, गुरुवार. शिमगा.

आज घरात चार घरच्या बायका. पुरणपोळ्यांचा घाट. सुंदरा तव्याशी, चुलीच्या बाजूच्या वैलावर कढईत तेल. मी ओटीवर मैनाला घेऊन बसलो होतो. इथून चुलीची खोली समोर दिसते.

धाऊला चिलमीला निखारा हवा होता. सणाच्या गडबडीत की मुद्दाम, देव जाणे, तो न बोलता मागल्या दारानं आला आणि तरातरा आत शिरला. "इंगळ द्या गं कुनीतरी," म्हणाला.

सुंदरा दचकली. मान वळली. हात झटकन डोक्याकडं गेला. कढई तिच्या कोपरापासून वीतभर होती आणि खाली जाळ.

पण हाताला काही लागलंच नाही. पदर कमरेला. हात डोक्यापर्यंत गेला, रिकामा फिरला आणि खाली आला. तिनं एक क्षण त्या हाताकडं बघितलं, आणि उलथनं उचलून पोळी उलटली. तेलाचा थेंब सांडला नाही.

मग फुंकणी घेऊन ती तव्यावर अशी बदडायला लागली की विचारू नका. चंद्राबाई ओरडली, "धाऊभावजी, शिट्टी कुटं हाय तुमची? आडवाटंला लागा!" सगळ्या बायका हसायला लागल्या. धाऊ गोंधळून ओटीकडच्या दारानं पळाला आणि तिथल्या जुवाला लागून आमच्या ओटीवर पालथा आला. मैनानं टाळ्या वाजवल्या.

पोळी त्यालाच पहिली दिली.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती दचकणं, मान वळवणं, हात वर नेणं, हे असंच्या असं मी आधी कुठंतरी बघितलं आहे. दारात उभं राहून बघितलं आहे. कुठं ते नीट आठवेना.

ता. ३ मार्च, शुक्रवार

सकाळी चंद्राबाईला ते सांगितलं. ती चुलीतली राख काढत होती. तिनं राखेची पाटी भरून बाजूला ठेवली.

मग म्हणाली, "आठवून काय करायचं हाय? त्या दिवशी तुमी हातानं जाळ दाबला, त्यो मी बगितलाय. त्येवढंच ध्यानात ठेवा. आन् घंटा वाजवत जावा."

घंटा तर मी वाजवतोच.

ता. १९ मार्च, रविवार

काल पाडवा झाला. भिसेगावात बैलांच्या गळ्यात घंटा दिसेनाशा झाल्या आहेत. सगळ्या चुलींवर गेल्या. विमलबाईनं निरोप धाडून आमच्या दुसऱ्या बैलाची मागून नेली, म्हणजे आता कुंभिवलीतही वाजत असेल. गुराखी म्हणतो, गुरं सापडत नाहीत. आणि धाऊच्या घरी परवा घंटा लागली, त्याच्या सुनांनी लावली. तो आता ओटीवरून एवढ्या जोरात ओढतो की आमच्याकडं ऐकू येतं, आणि मग बराच वेळ ताटकळत असतो. त्याचा तवा फार उशिरा वाजतो. त्याबद्दल मला फार वाईट वाटत नाही.

आज सकाळी वळचणीचे बूट काढले, पुसले आणि पायात घातले. का घातले ते सांगता येणार नाही. अंगणात पाच-सहा फेऱ्या मारल्या, चांगला खडखडाट करत. चुलीच्या दिशेनं जाताना ओटीखाली काढून ठेवले, दोरी ओढली आणि जुवापाशी उभा राहिलो.

तवा वाजायला वेळ लागला. तीस वर्षं मी गाड्यांना थांबवलं, आता मी थांबतो. मैना माझ्या धोतराला धरून उभी होती. तीही थांबली.

तवा वाजला. मी आत पाऊल टाकलं. सुंदरानं चिमट्यात एक लाल निखारा तयार धरला होता. त्या उजेडात तिच्या दंडावरचा व्रण दिसला, माझ्या तळव्यावरच्या चट्ट्याच्याच रंगाचा. मी घाईनं विडी पुढं केली.

माझ्याशी ती कधी बोललेली नव्हती. सून सासऱ्याशी बोलत नाही. आज बोलली.

"मामंजी," म्हणाली, "सावकाश. वाट मोकळी हाय."